टाचेवरचा मान

२० ऑगस्ट २०२४, मंगळवार

आज आम्ही बार्शीहून घरी आलो. यांच्या छातीत स्प्रिंग बसवली. डॉक्टर तिला स्टेंट म्हणतात, पण आमचे हे भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला स्प्रिंगच सांगतात आणि तेही हसत हसत. पाच दिवसांपूर्वी हाच माणूस गोठ्यात घामाघूम होऊन पडला होता, हे कुणाला खरं वाटणार नाही. मला अजून रात्री त्यांचा श्वास ऐकल्याशिवाय झोप येत नाही.

अंगणवाडीची रजिस्टरं लिहून हाताला सवय झाली आहे, म्हणून हेही लिहून ठेवते. सुपरवायझर मॅडमनी दिलेली डायरी कोरीच पडून होती.

रक्तात कोलेस्टेरॉल चारशे बारा निघालं. दोनशेच्या आत पाहिजे. मी म्हटलं, साहेब, हा माणूस काटकुळा, पोट नाही, दारू नाही, तंबाखू नाही, मटण जत्रेला.  डॉक्टरांनी पांघरूण सारून यांची टाच हातात घेतली आणि मागच्या जाड शिरेवरची गाठ दाबून पाहिली. "ही कधीपासून आहे?"

हे उशीवरून मान वर करून म्हणाले, "भैरोबाची गाठ हाय साहेब. आमच्या भावकीत मानाच्या माणसालाच असती."

डॉक्टर म्हणाले, ही गाठ म्हणजेच कोलेस्टेरॉल. काही घराण्यांत जन्मापासूनच ते रक्तातून उपसलं जात नाही. साठत जातं, आधी हृदयाच्या नळ्यांत, मग टाचेत, बोटांच्या सांध्यांत. खाण्यानं थोडं कमी होईल, पण गोळी जन्मभर. एक दिवस सोडायची नाही. मुलंबाळं असतील त्यांचंही रक्त तपासा.

मला मेलीला एकदम सोनारीची यात्रा आठवली. आमच्या वाडीची मानाची काठी चैत्रात सोनारीला भैरोबाच्या यात्रेला जाते. पाडव्याला पारावर भावकीतले सगळे बाप्ये पाय धुऊन बसतात, वडीलधारे लिंबाजी बापू एकेकाची टाच चाचपतात आणि ज्याची गाठ सगळ्यांत जाड, त्यानं अनवाणी काठी घेऊन जायचं. हे नऊ वर्षं जातात. यांच्याआधी थोरले दीर जायचे, ते एक्केचाळिसाव्या वर्षी गेले. त्यांच्याआधी सासरे, ते चव्वेचाळीसचे असताना. भैरोबा आपल्या माणसाला लवकर बोलावून घेतो, असं आमच्यात सगळेच मानतात. मीही मानत आले. यांना एकोणपन्नास चालू आहे.

येताना गाडीत हे हळूच म्हणाले, "हर्षालीचं नाव काढायचं न्हाय कुठं. लगीन होऊन तीन म्हयने झाल्यात पोरीच्या."

मी म्हटलं, "कशाला काढीन? पोरींना गाठ येतच न्हाय."

खरंच नाही येत. आमच्या भावकीत एकाही बाईला गाठ असल्याचं मी ऐकलेलं नाही.

२४ ऑगस्ट, शनिवार

स्वयंपाकघराची झडती घेतली. आमटीचा येसर मसाला डब्यात बंद, तूप शेजारी दिलं, शेंगाचा कूट वर माळ्यावर. फोडणीला तेल इतकं कमी की मोहरी तडतडायची सोडून गप्प बसून राहते. यांनी पहिला घास घेतला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "मी वाचलो का मेलो, तेवढं एकदा सांग."

तीन गोळ्या आहेत. दोन रक्त पातळ ठेवायच्या, त्या माझ्यासमोर घेतात. तिसरी चरबीची, ती रात्री जेवणानंतर. ती हे अंगणात शतपावली घालताना घेतात. गोळ्या सरकारी दवाखान्यातून महिन्याला मिळतात, यांच्या नावाच्या कार्डावर. मी पत्र्याच्या डब्यातली रिकामी पाकिटं दर सोमवारी मोजणार आणि इथं खूण करणार. अंगणवाडीत साठ पोरांच्या वजनाचा हिशेब ठेवते, एका नवऱ्याच्या गोळ्यांचा ठेवता येणार नाही का?

८ सप्टेंबर, रविवार

हर्षाली वडलांना बघायला आली. भूमच्या बाजूला दिली आहे, एसटीनं दीड तास. जावई कृष्णराज गुणी आहे, फक्त त्याच्या वडलांसमोर त्याला तोंड फुटत नाही. व्याही श्रीमंतराव म्हणजे शिस्तीचे. पोरगी दाखवायला नेली तेव्हा त्यांनी तिला अंगणात चालून दाखवायला लावलं होतं. मला तेव्हाच राग आला होता, पण मुलीच्या आईनं राग कुठं ठेवायचा?

पोरगी हौदाजवळ पाय धूत बसली होती. तिच्या पैंजणाचा फासा निसटला, तर हे उठून गेले आणि खाली बसून तिचा पाय मांडीवर घेऊन फासा लावत बसले. एवढाच फासा, पण किती वेळ. मी आतून ओरडले, "अवो, सोनाराकडं द्यायचा का आता?" तर यांनी मानही वर केली नाही. जेवणावर लक्ष नव्हतं. पोरगी गेल्यावर गोठ्यात जाऊन बसले. लेक सासरी जाताना बाप असाच होतो. मी तर नांदायला आले तेव्हा आमचे आप्पा दोन दिवस जेवले नव्हते म्हणे.

१६ सप्टेंबर, सोमवार

पाकिटं मोजली. बरोबर.

६ ऑक्टोबर, रविवार

घट बसलेत. हे सकाळी उठून हर्षालीकडं जाऊन आले. मी म्हटलं, छातीत स्प्रिंग घेऊन एसटीत कशाला हिंडता, मी जाते. तर म्हणे, "भैरोबाचा अंगारा द्याचा हाय तिला. बापानंच द्याचा असतो." मागच्या महिन्यातही एक पुडी देऊन आले होते. बावीस वर्षं तिला अंगारा लावला नाही आणि आता दर महिन्याला बापाच्या हातचा लागतो! पुडी मला हातही लावू दिली नाही, बंडीच्या आतल्या खिशात.

खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं. बाप-लेकीचं काहीतरी चालतं आणि मी आले की दोघं गप्प होतात. मी काय परकी?

२१ नोव्हेंबर, गुरुवार

बार्शीला तपासणी. तीनशे नव्वद.

तीन महिने मी या घरात तळण केलं नाही. दिवाळीला चकली केली नाही, शेजारच्या धुरपदाबाईंनी दिलेली कोंबडीला घातली. आणि बावीसनं उतरलं फक्त. डॉक्टरांनी यांना विचारलं, "गोळी घेता ना रोज?" हे म्हणाले, "व्हय साहेब, एक दिस चुकवली न्हाय." मी डायरी काढून खुणा दाखवल्या. डॉक्टर म्हणाले, मग खाण्यात काही चुकतंय का बघा, आणि गोळीची ताकद वाढवून दिली.

खाण्यात. म्हणजे माझ्या हातात. बाहेर येऊन मी बाकावर रडले. हे शेजारी बसून राहिले. म्हणाले, "तुझं काय चुकलं न्हाय, जगदेवी. तुझ्या जेवनाला नाव ठिवू नको." एवढ्या वर्षांत माझ्या स्वयंपाकाचं कौतुक केलं ते दवाखान्याच्या बाकावर. आणि मला वाटलं, समजूत घालतायत.

उद्यापासून दूधही बंद.

३० डिसेंबर, सोमवार

येळवस, म्हणजे वेळ अमावास्या. रानात कडब्याची कोप केली, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, सगळं केलं. भज्जी म्हणजे बेसनात शिजवलेल्या ओल्या भाज्या, तिच्यात तेल नसतंच, त्यामुळं आज मी मनासारखा स्वयंपाक केला. हर्षाली आणि कृष्णराज आले होते. पोरीच्या तोंडावर तेज आहे. हे मात्र बांधापर्यंत चालून थांबले, मग विहिरीपाशी थांबले. मी म्हटलं, पाव्हण्यांसमोर काय नखरे? म्हणाले, "ज्वारी बघत होतो."

जेवल्यावर हे तिला म्हणाले, "पुडी संपली का गं?" ती म्हणाली, "न्हाय अण्णा, आठ दिसाची हाय अजून." अंगारा आठ दिवसांचा कसा मोजतात, देव जाणे. मी विचारलं तर दोघंही हसली. मलाही हसू आलं. बऱ्याच दिवसांनी घरातली सगळी माणसं हसली.

१८ जानेवारी २०२५, शनिवार

यांना जिना चढवत नाही, म्हणजे पारावरच्या चार पायऱ्या. विचारलं की चिडतात. बार्शीला चला म्हटलं, तर म्हणतात यात्रा झाल्यावर. गोळ्यांच्या पाकिटांवर माझी खूण आहे, सगळी रिकामी. मग दम का लागतो? मी आता जेवण आणखी कमी केलं आहे. माणूस वाळून गेला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

हे गेले. गुरुवारी सकाळी. दूध काढायला बसले होते. बादली सांडली नव्हती.

२० फेब्रुवारी, गुरुवार

तेरावं झालं. पाव्हणे पांगले. हर्षाली राहिली आहे.

आज दुपारी मी मागच्या खोलीत गेले तर ती यांची ट्रंक उघडून बसली होती. बंडी, टोपी, कार्ड, सगळं बाहेर. मला वाटलं वडलांचं काही आठवण म्हणून हवं असेल. म्हटलं, काय पाहिजे ते घे बाई. तर ती पदर तोंडात धरून रडायला लागली.

"आई, अण्णा माझ्या गोळ्या कुठं ठिवायचे गं?"

कसल्या गोळ्या?

मग सगळं निघालं. सप्टेंबरात पैंजण लावताना यांच्या बोटाला तिच्या टाचेवरची गाठ लागली. तेव्हाच त्यांनी तिला सांगितलं की हा रोग आहे, मान नाही. सासरी कळलं तर श्रीमंतराव नांदवणार नाहीत, पुढं मूल होईल त्याच्यावरही बोट ठेवतील. म्हणून मी आणून देतो ती गोळी रोज रात्री घ्यायची, कुणाला दाखवायची नाही. पाकिटावर औषधाचं नाव असतं, म्हणून सुट्या काढून अंगाऱ्याच्या पुडीत बांधून द्यायचे. ती म्हणाली, "अण्णा म्हणले डॉक्टरांनी दोघांच्या लिहून दिल्यात. त्यांची न्यारी आन माझी न्यारी."

मी मनात हिशेब केला. त्यांचं कार्ड एक. महिन्याला पाकिटं तीस गोळ्यांची. डबा मी मोजलेला. दुसऱ्या गोळ्या या घरात कधी आल्याच नाहीत.

तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि विचारलं, "दोघांच्या हुत्या ना, आई?"

मी म्हटलं, "व्हय गं. दोघांच्या हुत्या. तुझ्या संपल्या असतील."

देवा, मी रिकाम्या पाकिटांवर खुणा करत बसले होते. मी त्याच माणसाला उपाशी ठेवलं, तूप तोडलं, दूध तोडलं, आणि तो म्हणत होता तुझं काय चुकलं नाही.

मग ती म्हणाली, "आई, दोन म्हयने झालं, माझी पाळी चुकलीया."

२४ फेब्रुवारी, सोमवार

मीच बार्शीला घेऊन गेले. सासरी सांगितलं, वडलांच्या दुःखानं चक्कर येते म्हणून दाखवते. डॉक्टरांनी आधी यांच्या जाण्याचं ऐकलं. नंतर हर्षाली रक्त द्यायला आत गेली तेव्हा मी त्यांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी हातातला पेन टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "बाई, त्यांनी मला सांगितलं असतं तर मी तिच्या वेगळ्या लिहून दिल्या असत्या. त्यात काय होतं?"

हर्षालीचं तीनशे चाळीस. गरोदरपणात ही गोळी चालत नाही, आता बंद. खाणंपिणं सांभाळायचं, रोज चालायचं, बाळ अंगावर पिणं सुटलं की पुन्हा सुरू करायची. आजवर घेतल्या त्याची आता काळजी करत बसू नका, पण सोनोग्राफी वेळेवर करा आणि तिथल्या डॉक्टरांना सांगा. आई किंवा बाप, एकाला असेल तर प्रत्येक लेकराला निम्मी शक्यता. मुलगा असो की मुलगी. मी विचारलं, मुलींनाही? ते म्हणाले, मुलींनाही तेवढीच. त्यांच्या टाचा कुणी पाहिल्या नसतील.

आम्ही कुणीच पाहिल्या नाहीत. माझ्या थोरल्या नणंदबाई झोपेत गेल्या, वय पन्नास. आम्ही म्हटलं, उन्हाचा तडाखा.

डॉक्टर म्हणाले, भावकीतल्या सगळ्यांचं रक्त तपासा, लहानांचंही. माझ्यासमोर पाडवा उभा राहिला. पारावर ओळीनं बसलेले बाप्ये, धुतलेले पाय.

पण हे सांगायचं तर पहिलं नाव कुणाचं निघणार? त्यासाठीच तर यांनी तोंड मिटून घेतलं होतं.

३० मार्च, रविवार, पाडवा

आमच्या दारात यंदा गुढी नाही. तरी मी पारावर गेले. विधवा बाई पाडव्याला पारावर, म्हणून बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. हातात अंगणवाडीचं वजनाचं रजिस्टर होतं.

श्रीमंतराव आले होते, हर्षालीला सणासाठी आणून सोडायला. लिंबाजी बापूंनी त्यांना मानानं शेजारी बसवलं होतं. मला वाटलं, आज नको. श्रीमंतराव गेल्यावर बोलू. पण बापूंनी टाचा चाचपायला सुरुवात केली. बालाजीची पाहिली, शिवलिंगची पाहिली, आणि मग त्यांच्याच मुलाची, शंभूची. शंभू एकतीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप. बापूंचा चेहरा फुलला. यांचं नाव घेऊन म्हणाले, "बलभीमाच्या मागं ह्योच. अंगठ्याएवढी हाय." सगळ्यांनी भैरोबाच्या नावानं चांगभलं केलं आणि शंभू लाजला.

मग मला थांबवेना. म्हटलं, "बापू, मला बोलू द्या." आणि सांगितलं. सासऱ्यांचं वय, दिरांचं वय, यांचं वय. ही गाठ कशाची, डॉक्टर काय म्हणाले. रक्त तपासलं तर गोळी मिळते, गोळीनं माणूस टिकतो.

बापू शांतपणे म्हणाले, "सूनबाई, तुझं दुःख ताजं हाय. बलभीमाच्या हातात तर गोळ्या हुत्याच की. मग का न्हाय टिकला?"

 मला उत्तर माहीत होतं. ते उत्तर पारामागं बायकांत उभं होतं, चार महिन्यांचं पोट घेऊन. खरं बोलले असते तर भावकी कदाचित वाचली असती, पण माझ्या पोरीला जन्मभर डाचत राहिलं असतं की ती कशावर जगली.  मी म्हटलं, "उशीर झाला हुता, बापू. त्यांना लई उशिरा मिळाल्या."

कुणाला पटलं नाही. बालाजी पाय पुसायला लागला.

तेवढ्यात हर्षाली पुढं आली. मी नको म्हणून मान हलवली. तिनं चप्पल काढली, पारावर उजवा पाय ठेवला, साडी घोट्याच्या वर घेतली आणि म्हणाली, "बापू, माझी बघा."

त्या दगडावर आजवर बाईचा पाय पडलेला नाही. बापूंनी श्रीमंतरावांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. पण चाळीस वर्षांचा हात, तो गेलाच. त्यांनी टाच चाचपली आणि त्यांचा हात तिथंच राहिला. त्या हाताला कुणी सांगायची गरज नव्हती.

"पोरीला बी?" ते म्हणाले. मग त्यांनी दुसऱ्या हातानं शंभूचा पाय शोधला आणि दोन्ही टाचा धरून बसून राहिले.  "शंभूच्या लेकीला बी आसंल का गं, जगदेवी?"

मी म्हटलं, "बघावं लागंल, बापू."

"मग लिही. शंभूचं नाव पयलं लिही."

मी लिहिलं. मोठी माणसं, पोरं, पोरी मिळून सतरा नावं झाली. हर्षालीचं मी शेवटी लिहिलं. श्रीमंतराव उठले, धोतर झटकलं, मला म्हणाले, "हे लग्नाआदी सांगाया पायजे हुतं, विहीणबाई," आणि गाडीकडं गेले. हर्षालीची बॅग पाराशेजारीच ठेवून गेले.

७ एप्रिल, सोमवार

सतरांपैकी नऊ निघाले. शंभू तीनशे अठ्ठ्याण्णव. त्याची धाकटी, चार वर्षांची, तिलाही आहे. तिला मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं, गोळी ती थोडी मोठी झाल्यावर.

हर्षाली इथंच आहे. कृष्णराज रोज फोन करतो, बाहेर कुठंतरी जाऊन बोलतो असं आवाजावरून कळतं. येतो म्हणाला आहे. श्रीमंतरावांचा निरोप नाही. यांना ज्याची भीती होती ते झालं, आणि तरी पोरगी काल मला म्हणाली, "आई, मला आता लपवावं लागत न्हाय, तेवढं बरं वाटतंय." मग म्हणाली, "अण्णांनी त्यांच्या गोळ्या नीट घेतल्या असत्या, तर असते ना गं?" मी म्हटलं, घेत होते बाई. ही वही मी ज्वारीच्या कणगीत खाली ठेवणार आहे.

आज सकाळी शंभूला आणि बाकीच्यांना घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. गोळ्यांच्या खिडकीशी आमचीच रांग. शंभू पुढं, त्याच्यामागं शिवलिंग, मग बालाजी. मी कडेला उभी होते. मनात होतं, कोणाच्या, कशासाठी, घरात आणखी कोणाला, सगळं विचारतील. खिडकीतल्या माणसानं कागद पाहिला, नाव विचारलं, वय विचारलं आणि पाकिटं पुढं केली. मग दुसऱ्याचा कागद. मग तिसऱ्याचा. प्रत्येकाची वेगळी.

मी खिडकीशी गेले आणि विचारलं, "एका घरातल्या दोघांना पाहिजे असल्या तर?"

तो वर न बघता म्हणाला, "दोघांचे कागद आणा. दोघांना मिळतील."

मी तिथून बाजूला झाले. शंभू म्हणाला, "काकू, काय झालं?" मी काही नाही म्हटलं. पायऱ्यांवर बसले आणि एवढ्या माणसांसमोर रडले, कारण एवढंच होतं. यांनी खिडकीशी येऊन एवढंच विचारायचं होतं.